२८ मानाची चौकट : स्प्लिंटरलँड्सच्या टीम-वहीतल्या नोंदी

८ जानेवारी २०२३, रविवार

आज वही उघडली. दुकानाच्या हिशेबाला वापरते तसलीच लांबडी, लाल पाठीची. पहिल्या पानावर ठराव लिहून टाकला : पाच आठवडे कार्ड भाड्याने घ्यायचं नाही, विकत घ्यायचं नाही. खात्यात जी कार्डं आहेत त्यांच्यातूनच प्रत्येक अडवणाऱ्या नियमासाठी जिंकणारी टीम बसवायची, आणि ती इथे लिहून ठेवायची.

पुढेमागे भाच्याच्या मित्रांच्या हातात ही वही पडेल, म्हणून खेळ थोडक्यात सांगते. हा ऑनलाइन, कार्डांच्या लढाईचा खेळ. २०१८ साली तो 'स्टीम मॉन्स्टर्स' नावाने सुरू झाला. नंतर नाव 'स्प्लिंटरलँड्स' झालं, आणि २०२० मध्ये तो स्टीम ब्लॉकचेन सोडून हाइव्ह ब्लॉकचेनवर गेला. मी २०२१ मध्ये दहा डॉलरचं स्पेलबुक, म्हणजे खेळाचं प्रवेशपत्र, घेऊन आत शिरले. टीम म्हणजे एक समनर, म्हणजे टीमचा म्होरक्या, आणि त्याच्यामागे जास्तीत जास्त सहा मॉन्स्टर. मी त्यांना गडी म्हणते. टीम पाठवली की आपले हात बांधले जातात, लढाई आपोआप होते आणि आपण फक्त बघायचं. त्यामुळे जी काही अक्कल लावायची ती पाठवण्याआधी : कोणाला घ्यायचं, कोणाला कुठे उभं करायचं.

आणि प्रत्येक लढाईच्या आधी अटी समोर येतात. एकूण माना किती (माना म्हणजे टीमवर खर्चायचे गुण, प्रत्येक कार्डाची किंमत त्यातच मोजतात), कोणते रंग खुले (रंग म्हणजे पाण्यासारखे कार्डांचे गट), आणि नियम कोणते. कधी जादूवाले बंद, कधी धनुर्धारी बंद, कधी फक्त विषम किमतीचे गडी चालतात. काल रात्री लागोपाठ चार लढाया हरले, आणि चारही वेळा कारण एकच. माझे चांगले गडी महागडे आहेत आणि नियमाने त्यांनाच दाराबाहेर ठेवलं. उरलेल्यांना मी घाईघाईत कसंही उभं केलं. ती घाई मला आता थांबवायची आहे.

९ जानेवारी, सोमवार

सुरुवात 'लिटल लीग'पासून. नियम असा की समनर असो वा मॉन्स्टर, ४ माना किंवा त्याहून कमी किमतीचाच चालेल.

बसमध्ये बसल्या बसल्या साधा हिशेब मांडला. समनर ४, सहा गडी प्रत्येकी ४, म्हणजे २४. बेरीज २८. म्हणजे लिटल लीग पडलं आणि वर ४० माना दिले असले तरी खर्च होणार जास्तीत जास्त २८. उरलेले १२ नुसते आकड्यापुरते. इतके दिवस मी ४० बघून 'आज मोठी लढाई' असं समजत होते.

हे एकदा लिहिल्यावर पुढचं आपोआप सुटत गेलं. मर्यादा २८ च्या वर असेल तर माना भरपूर आणि जागा कमी. सहाच जागा आहेत, मग प्रत्येक जागेवर ४ मानाचा सर्वांत दमदार गडी हवा. मर्यादा १७ किंवा १९ असेल तर उलट : जागा भरपूर, माना कमी. तिथे एकेका मानाचे गडी सोन्याच्या भावाचे. म्हणजे आधी विचारायचं, टंचाई कशाची आहे? मानाची की जागेची? वहीत प्रत्येक पानाच्या डोक्यावर आता हाच प्रश्न लिहिणार.

१२ जानेवारी, गुरुवार

तक्ता आखला. उभ्या रांगेत माझी कार्डं, आडव्या रांगेत नियम. नियमाने कार्ड बाद होत असेल तर फुली, चालत असेल तर रिकामं, आणि चालतं पण त्याचा जीवच जातो अशा ठिकाणी टिंब.

टिंबं भरायलाच सर्वांत जास्त वेळ गेला, कारण फुली तर खेळ स्वतःच दाखवतो, बाद झालेलं कार्ड निवडताच येत नाही. टिंब मात्र आपल्यालाच ओळखावं लागतं. उदाहरणार्थ, 'बॅक टू बेसिक्स'मध्ये सगळ्यांच्या अंगच्या करामती काढून घेतल्या जातात. माझा क्रीपिंग ऊझ हा १ मानाचा गडी केवळ एका गोष्टीसाठी टीममध्ये असतो, तो समोरच्या सगळ्यांचा वेग कमी करतो. ती करामतच गेली तर तिथे नुसता चिखलाचा गोळा उभा. खेळ त्याला अडवत नाही, अडवायचं मी.

'हील्ड आउट'मध्ये औषध करणारे सगळे टिंबात. 'अनप्रोटेक्टेड'मध्ये चिलखत देणारे टिंबात, त्यात टायरस पॅलेडियम हा समनरसुद्धा आला, कारण त्याचं देणं म्हणजे सगळ्यांना १ चिलखत एवढंच. 'फॉग ऑफ वॉर'मध्ये मागून वार करणारे आणि लांबून नेम धरणारे टिंबात. साडेअकरा वाजले. अजून अर्धा तक्ता बाकी आहे, पण दुकानातला वर्षअखेरचा ताळा जुळताना जसं बरं वाटतं तसं वाटतंय.

१५ जानेवारी, रविवार, संक्रांत

तिळगूळ वाटून झाल्यावर भाचा आला. त्याचं खातं माझ्यापेक्षा जुनं आणि भारी. त्याने तक्ता वरून खाली पाहिला आणि बोट थेट 'फ्युरियस चिकन'वर ठेवलं.

"आत्या, ही कोंबडी एवढ्या ठिकाणी कशी काय चालते?"

चालते, कारण तिची किंमत ० माना. कोणत्याही रंगात बसते. माझ्या लेव्हलला ती हल्ला करत नाही, नुसती उभी राहते. मग तिला घेऊन करायचं काय? ते त्याला एका लढाईत दाखवलं, आणि ती लढाई इथे लिहून ठेवण्यासारखी आहे.

मर्यादा १७ माना. समोरच्याने मागून वार करणारे तीन गडी आणले होते, ज्याला खेळात 'स्नीक' म्हणतात. पुढच्या फळीला टाळून हे थेट शेपटाच्या गड्यावर जातात, आणि शेपटाला लोक सहसा आपला नाजूक जादूवाला ठेवतात. माझ्या शेपटाला कोंबडी होती. पहिल्या फेरीत त्याचा सर्वांत वेगवान गडी धावत आला, पूर्ण ताकदीने वार केला, कोंबडी मेली. पण तिच्यात जेवढा जीव होता त्याहून जास्तीचा वार पुढे सरकत नाही, तो वाया जातो. एका ० मानाच्या पाखरासाठी त्याच्या भारी गड्याचा एक अख्खा वार खर्ची पडला, आणि तेवढ्यात माझ्या गोब्लिन शामनची पाळी येऊन गेली. शेवटी त्याचा एक गडी उरला होता, माझे दोन. तो एक वार माझ्या शामनवर पडला असता तर निकाल फिरला असता.

भाचा म्हणाला, "मी तिला कधी घेतलंच नाही." त्याच्याकडे ४ मानाचे इतके चांगले गडी आहेत की त्याला जागाच पुरत नाही. त्याचंही बरोबर आहे. २८ च्या वर मी पण तिला घेणार नाही.

१९ जानेवारी, गुरुवार

घाईत दोन लढाया. 'ब्रोकन ॲरोज'मध्ये, म्हणजे धनुर्धारी बंद असताना, जिंकले, 'लॉस्ट मॅजिक'मध्ये हरले. लॉस्ट मॅजिकमध्ये जादूवाले बंद, आणि जादूच चिलखताला न जुमानता थेट जिवावर जाते. म्हणजे त्या नियमात चिलखताचं मोल वाढतं. हे मी टीम पाठवल्यानंतर ओळखलं. तक्त्यात लिहिलं : लॉस्ट मॅजिक पडलं की आधी टायरस बघायचा.

२१ जानेवारी, शनिवार

आजचं पान 'अर्थक्वेक'चं, आणि ह्यावर मी तीन तास घालवले.

नियम असा की प्रत्येक फेरीच्या शेवटी जमीन हादरते आणि जे उडत नाहीत त्या सगळ्यांना २ चा मार बसतो. कमी जिवाचे गडी दोन फेऱ्यांत संपतात. त्यामुळे सगळे उडणारे गडी शोधत बसतात, मीही तेच करायचे. माझ्याकडे उडणारे मोजकेच, त्यातला पेलाकोर कंज्युरर हा २ मानाचा बरा आहे पण स्वतः वार करत नाही. सहा जणांची टीम त्यांच्यावर उभी राहत नाही.

जुन्या लढाया पुन्हा लावून फेरी-फेरीने थांबवत बघितल्या. एका लढाईत समोरच्याचा जमिनीवरचा गडी भूकंपात वाचलेला दिसला. त्याला फक्त १ चिलखत होतं. हादरा २ चा, चिलखत १, मग उरलेला १ जिवाला का नाही लागला? पुन्हा लावून पाहिलं. तेच. भूकंपाचा मार हा अंगावर येऊन केलेल्या वारासारखा धरला जातो, तो आधी चिलखताला लागतो, आणि चिलखत फोडून उरलेला मार जिवापर्यंत जात नाही. तो जायला 'पिअर्सिंग' ही वेगळी करामत लागते, आणि भूकंपाकडे ती नाही.

म्हणजे १ चिलखत इथे २ जीव वाचवतं. टायरस पॅलेडियम ३ मानात सहाही जणांना प्रत्येकी १ चिलखत देतो. सहा गडी, प्रत्येकाचे २, एकूण १२ जीव एका समनरने पहिल्याच हादऱ्यात वाचवले. अर्थात फेरी संपायच्या आत कोणी वार करून ते चिलखत फोडलं नसेल तरच. आणि वार मुख्यतः पहिल्या गड्यावर पडतात, मागचे पाच जण सहसा आपलं चिलखत शाबूत घेऊनच हादऱ्याला सामोरे जातात. पाण्याच्या रंगात केल्या फ्रेंडुलही चालेल, ४ मानात १ चिलखत आणि वर १ वेग.

संध्याकाळपर्यंत अर्थक्वेक तीन वेळा पडलं. टायरस तीनही वेळा. तीन लढाया, तीन विजय. एकदा तर समोर पाच उडणारे होते आणि तरी मी जिंकले, कारण उडणारे गोळा करण्याच्या नादात त्याच्या टीममध्ये वार करणारे दोनच उरले होते.

२२ जानेवारी, रविवार

टीम लावता लावता वीज गेली. वाय-फाय गेलं, फोनवर येईपर्यंत घड्याळ संपलं आणि लढाई हरल्यात जमा झाली. नियम पडल्यावर तीन-चार गडी डोक्यातच पक्के पाहिजेत, म्हणजे निम्म्या वेळात टीम जाईल. तक्त्याची छोटी प्रत करून फोनच्या कव्हरमध्ये ठेवली.

२६ जानेवारी, गुरुवार

सुट्टी. 'ऑड वन्स आउट', फक्त विषम किमतीचे गडी.

इथे शाळेतलं गणित कामाला आलं. सहा विषम संख्यांची बेरीज नेहमी सम. त्यात ३ मानाचा समनर मिळवला की एकूण विषम. म्हणून मर्यादा सम असेल, समजा २४, तर ३ च्या समनरखाली सहा गड्यांची टीम कधीच काठोकाठ भरत नाही, किमान १ माना शिल्लक राहणारच. पूर्ण २४ वापरायचे तर पाच गडी. मग एक माना सोडून सहा उभे करायचे की सगळे वापरून पाच? तीन वेळा सहाच उभे करून पाहिले, आणि माझं मत आता पक्कं आहे : सहा. एक माना गेला तर टीम थोडी हलकी होते, एक गडी गेला तर समोरच्याचा एक वार झेलणारं अंगच कमी होतं.

लहानपणी बाबांबरोबर पाच-तीन-दोन खेळायचे. तीस पानं, तिघांत दहा-दहा, आणि प्रत्येकाला किती हात करायचे ते आधीच ठरलेलं. पाचवाला पाच करायलाच बांधलेला, पानं कशीही येवोत. बाबा पानं हातात आली की आधी बाजूला मोजत बसायचे, मग बोलायचे. मला वाटायचं उगाच वेळ काढतात. आज कागदावर विषम संख्या मांडताना त्यांचा तो मोजणारा अंगठा डोळ्यांपुढे होता.

२८ जानेवारी, शनिवार

आज एक चूक झाली, ती सविस्तर लिहिते, म्हणजे पुन्हा होणार नाही.

'रिव्हर्स स्पीड' पडलं. ह्यात सगळं उलटं : ज्याचा वेग सर्वांत कमी तो आधी वार करतो, आणि वार चुकवण्याची संधीही त्यालाच जास्त. मी विचार केला, मग हळू गडी घेऊ. क्रीपिंग ऊझ एकदम हळू, म्हणून घेतला. आणि ऊझ काय करतो? समोरच्यांचा वेग कमी करतो. म्हणजे ह्या नियमात मी एक माना खर्चून समोरच्या सहाही जणांना माझ्या आधी वार करायला लावलं. वर समनर केल्या, जी माझ्याच सगळ्यांचा वेग १ ने वाढवते, म्हणजे त्यांना रांगेत आणखी मागे ढकलते. दोन्ही चुका एकाच टीममध्ये. तिसऱ्या फेरीत खेळ संपला.

एरवी वेगाच्या प्रत्येक अंकाच्या फरकाने वार चुकवण्याची शक्यता १० टक्क्यांनी वाढते. इथे तीही त्यांच्या पदरात पडली.

तक्त्यात ऊझच्या आणि केल्याच्या रकान्यात रिव्हर्स स्पीडखाली टिंब नव्हतं. आता टिंबाच्या जागी एक नवी खूण केली, लाल गोल : 'आपल्यावरच उलटतं'. मग सगळा तक्ता त्या नजरेने पुन्हा तपासला. आणखी सात लाल गोल निघाले.

३१ जानेवारी, मंगळवार

सीझन संपला. बक्षिसाची कार्डं आली ती ठरावाप्रमाणे टीममध्ये घेतली नाहीत, वेगळ्या पानावर नोंदवली.

भाच्याने विचारलं, कार्डं भाड्याने देऊन चार पैसे का करत नाहीस? माझं उत्तर हिशेबनिसाचं आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. दिवसभर मी दुसऱ्यांचे हेच आकडे जुळवते. हा खेळ मला लढाईसाठी हवा आहे.

५ फेब्रुवारी, रविवार

'इक्वलायझर'. दोन्ही टीममध्ये ज्या गड्याचा मूळ जीव सर्वांत जास्त, तेवढाच जीव सगळ्यांना मिळतो.

पानाच्या डोक्यावरचा प्रश्न लिहिला : टंचाई कशाची? इथे जिवाची टंचाई उरतच नाही, तो फुकट वाटला जातोय. मग ज्या गड्यांना मोठ्या जिवापायी जास्त माना मोजावे लागतात त्यांच्यावर खर्च कशाला? माना फक्त वारावर आणि वेगावर घालायचे. आणि कोंबडी! ० मानात तिला समोरच्याच्या भल्यामोठ्या गड्याएवढा जीव मिळतो. आज तिला शेपटाला नाही, थेट पहिल्या जागेवर उभं केलं. समोरच्याने मोठ्या जिवाचा एक धिप्पाड गडी आणला होता, त्याचे माना त्याने मोजले आणि जीव माझ्या कोंबडीला मिळाला. ती चार फेऱ्या पुढे उभी राहून मार खात राहिली, तोवर मागच्या पाच जणांनी काम उरकलं.

मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

११ फेब्रुवारी, शनिवार

पाच आठवडे झाले. भाचा जेवायला आला आणि जेवणानंतर आम्ही एकमेकांना आव्हान पाठवलं, दोन लढाया.

पहिलीत त्याने मला सरळ हरवलं. लिटल लीग, मर्यादा ३६. जागेची टंचाई, आणि त्याचे ४ मानाचे सहाच्या सहा गडी माझ्यापेक्षा वरच्या लेव्हलचे. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरी : लिटल लीग आणि ब्रोकन ॲरोज एकत्र, मर्यादा १७. मी फोनच्या कव्हरमधला कागद काढलासुद्धा नाही. समनर टार्सा, ४ माना, आपल्या गड्यांनी अंगावर जाऊन केलेल्या वारात १ आणि त्यांच्या जिवात १ वाढवणारी. उरले १३. पुढे ४ मानाचा दांडगा गडी. त्याच्यामागे रेडिएटेड स्कॉर्चर, १ माना, जो दुसऱ्या जागेवरून वार करू शकत नाही पण पहिला पडला की लगेच तोंडावर येतो. मग गोब्लिन शामन ३, जो समोरच्या सगळ्यांचा जीव १ ने घटवतो. सर्पेंटाइन स्पाय ३, जो कुठूनही सर्वांत कमी जिवाच्या गड्यावर झडप घालतो. कोबोल्ड मायनर २, मागून वार करणारा. आणि शेपटाला कोंबडी, ०. चार, एक, तीन, तीन, दोन, शून्य. बरोबर १३.

ह्या खेळात टीम आधी बंद रूपात जाते, दोघांच्या गेल्यावरच उघडते. तोवर झाकली मूठ. आम्ही दोघं एकाच टेबलावर, फोन छातीशी धरून, एकमेकांकडे बघत होतो.

उघडलं. त्याने पाण्याचा रंग घेतला होता, केल्या आणि चार गडी. सगळे ३-४ मानाचे, चांगल्या लेव्हलचे, वर प्रत्येकाला चिलखत. माझे सहा. पहिल्या फेरीत त्याचा मागून वार करणारा कोंबडीवर खर्च झाला. मायनर आणि स्पायने त्याच्या शेपटाच्या जादूवाल्याचं चिलखत फोडलं, आणि शामनची जादू चिलखताला वळसा घालून त्याच्या पहिल्या गड्याला लागली. दुसऱ्या फेरीत जादूवाला पडला. तिसरीत माझा दांडगा पडला आणि स्कॉर्चर पुढे आला. पाचव्या फेरीला त्याच्याकडे एक, माझ्याकडे स्पाय आणि मायनर. स्पायचा वार चुकला. मायनरचा लागला.

भाच्याने फोन खाली ठेवला आणि म्हणाला, "आत्या, वही दे, फोटो काढतो." त्याने एकेका पानाचा फोटो काढला. मध्येच थांबून विचारलं, "ही ओळ कोरी का गं?"

ती रिव्हर्स स्पीड आणि लिटल लीग एकत्र पडण्याची ओळ आहे. हळू, स्वस्त आणि तरीही जोरात मारणारे गडी माझ्याकडे दोनच निघालेत, सहा हवेत. सीझनच्या बक्षिसातली कार्डं आता वापरायला मोकळी झाली. उद्या सकाळी ते वेगळं पान काढून एकेकाचा वेग तपासायचा आहे. तो म्हणाला, नऊपर्यंत येतो.